अंधारातलं ‘बरं’

बाबांनी तपासणीची खोली बंद करायचं ठरवलं, तेव्हा कारण गुडघ्यांचं सांगितलं.

"उठबस होत नाही आता," ते आईला म्हणाले. "एक तारखेपासून नुसत्या फ्रेमा विकायच्या. नंबर बाहेरून काढून आणा म्हणायचं."

मी समोरच बसले होते. आमच्या चष्म्याच्या दुकानातल्या त्या खोलीत उठबस अशी नाहीच. तिथे चाकांचं एक स्टूल आहे आणि बाबा त्यावर बसून पायाने ढकलत फिरतात. दिवसभर उभं राहावं लागतं ते बाहेर, फ्रेमांच्या काउंटरपाशी. गुडघे दुखत असतील तर काउंटर बंद करून खोली चालू ठेवायला हवी होती. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन मी दोन महिन्यांपूर्वी घरी आले होते. पुढच्या प्रवेशांची उत्तरं यायची होती, आणि तोवर दिसेल त्यातल्या चुका काढणं हाच माझा उद्योग होता. पण त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही. बाबा ताटाकडे बघत होते आणि हातातला घास तसाच होता.

एकतीस वर्षं ते त्या खोलीत बसले आहेत. मखमलीच्या खाचांत दोनशे सहासष्ट भिंगं बसवलेली लाकडी पेटी, उंच पाठीची लाकडी खुर्ची, समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता. दार लावून दिवा मालवला की तेवढा तक्ता उजळलेला राहतो. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर गोल चौकट चढवायची, तीत एक भिंग घालायचं, काढायचं, दुसरं घालायचं. "हे बरं, की... हे?" डोळ्यात उजेड टाकून बघायचं एक छोटं यंत्र आहे, त्याने नंबर जवळपास कळतो. पण शेवटचा पाव-अर्धा, आणि तिरप्या नंबराचा कोन, हे बसलेल्या माणसाच्या तोंडूनच यावं लागतं. बाबांचं नाव होतं ते त्या शेवटच्या पावासाठी. मी जन्मले तेव्हा जरा लहानखुरी होते, तर त्यांनी गल्लीभर सांगितलं होतं, "आमच्याकडे पाव नंबराची मुलगी आलीय." तेव्हापासून मी पावकी.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात नंबरांची वही काढून बसले. माणसं खोटं बोलली तरी आकडे खरं बोलतील, असा तेव्हा माझा विश्वास होता. आधीच्या दोन वर्षांत चष्मा बदलून द्यावा लागला असे तिघे. गेल्या चार महिन्यांत सात.

पहिला संशय काच घासून देणाऱ्यावर. परत आलेले सगळे चष्मे मी भिंगाचा नंबर मोजायच्या यंत्राखाली धरले. कागदावर जो नंबर, तोच काचेत. मग तक्त्याचा दिवा. तो ठणठणीत होता. मग तक्ता ते खुर्ची अंतर मी टेपने मोजलं. बाबा काउंटरमागून माझ्याकडे बघत होते.

"खोली विकायला काढलीय का?" त्यांनी विचारलं.

"अंतर बघतेय."

"एकतीस वर्षांत भिंत सरकली नाही, पावके."

तेवढ्यात शिलाईवाल्या काकू आल्या. कोपऱ्यावर त्यांचं दुकान आहे, शाळेचे गणवेश शिवतात. उजव्या हाताच्या बोटात, सुई टोचू नये म्हणून घालायचं अंगुस्तान तसंच होतं, म्हणजे काम टाकून आल्या होत्या. त्यांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"दादा, हा चष्मा घातला की माझी शिलाई उतरणीला लागते. चाळीस शर्ट शिवले, एकाचाही खिसा सरळ नाही. पोरं खिशात पेन ठेवतील तर ते घरंगळत पलीकडच्याच्या खिशात जाईल."

बाबा हसले. "डोकं दुखतं?"

"दुखतं तर. दुसऱ्यांदा आणलाय हा तुमच्याकडे. माझं काही बिघडलंय का, ते तरी सांगा."

"तुमचं काही नाही. पुन्हा काढू नंबर."

"आत्ता काढा."

"आत्ता नको," बाबा म्हणाले. "परवा या."

दुकानात दुसरं कुणीही नव्हतं. काकूंनी एकदा रिकाम्या बाकाकडे आणि एकदा बाबांकडे पाहिलं, आणि तोच चष्मा घालून निघाल्या. मी दारापर्यंत गेले.

"पोरी, एक सांगते," त्या हळूच म्हणाल्या. "मी म्हटलं होतं गं, दुसरं बरं आहे म्हणून. दोनदा म्हटलं. ते म्हणाले ‘बरं’, आणि पहिलंच ठेवलं. मला वाटलं, त्यांना जास्त कळतं."

मी आत आले तेव्हा बाबा पेटी उघडून भिंगं पुसत होते. ती आधीच स्वच्छ होती.

दुपारी मी म्हटलं, "बाबा, माझाही नंबर काढा. डोकं दुखतंय."

"दिवसभर टेप घेऊन भिंती मोजल्यावर दुखेल नाहीतर काय. ये."

दिवा चालू होता तोवर ते नेहमीचे बाबा होते. मी प्रवेशाबद्दल बोलले, त्यांनी टोमणा मारला, मी उलट बोलले, ते हसले. मग त्यांनी दार लावलं आणि दिवा मालवला. वरचा जुना पंखा घरघरत होता. चौकटीत भिंग सरकलं.

"हे बरं, की... हे?"

"पहिलं," मी नेहमीच्या आवाजात म्हणाले.

"बरं. आणि आता? हे, की... हे?"

"तिसरं."

"बरं."

पुढचा प्रश्न आला. मी म्हटलं, "बाबा, तक्त्यावर घोडा उभा आहे."

"बरं. छान."

प्रयोगाचा निकाल मिळाला होता. इतका स्वच्छ निकाल मला कॉलेजच्या तीन वर्षांत मिळाला नव्हता, आणि मला तो नको होता. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं पुसट झाली. त्यात भिंगाचा काही दोष नव्हता.

घरी आल्यावर मी आईच्या मागे स्वयंपाकघरात गेले. "आई, बाबांना ऐकू येत नाही."

"कळलं का शेवटी!" आई भांडी लावत होती, ती थांबलीसुद्धा नाही. "पदवी घेतलेली पोरगी."

"कधीपासून?"

"सात-आठ वर्षं झाली. गेल्या काही महिन्यांत जास्तच वाढलंय. आवाज येतो, शब्द फुटतात. समोरच्याचं तोंड दिसलं की जुळवून घेतात."

माझ्या डोळ्यांसमोर एक जुनी गोष्ट उभी राहिली. आई कुठल्याही खोलीत शिरली की आधी दिवा लावते आणि मग बोलते. भर दुपारीसुद्धा. आईला अंधाराची भीती वाटते असा निष्कर्ष मी शाळेत असतानाच काढला होता, आणि तो पुन्हा तपासावा असं मला कधी वाटलं नव्हतं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी मला तरी कुठे सांगितलंय? मी दिवा लावते, ते माझ्याकडे बघतात. चाललंय."

"आणि कानाचं यंत्र?"

"आणलं होतं ना. दुकानातल्या खालच्या खणात पडलंय, चष्म्यांच्या तुटक्या काड्यांबरोबर. चार दिवस लावलं. म्हणे पंखाच जास्त बोलतो."

चार दिवस! नवा चष्मा नेणाऱ्या प्रत्येकाला बाबा बजावतात, आठ दिवस जमीन वर आल्यासारखी वाटेल, काढायचा नाही, डोळ्यांना सवय होऊ द्या. मी रागाने हसले. आई म्हणाली, "हस, पण त्यांच्यासमोर नको. ती खोली बंद झाली ना, तर ते दुकानात नुसते बसतील बघ. बसणं वेगळं आणि नुसतं बसणं वेगळं."

ती रात्र आणि सकाळ मी एका पेटीवर घालवली. दोन बटणं, दोन इवले दिवे, एक बॅटरी. गिऱ्हाईक खुर्चीत बसून बटण दाबेल, पहिल्याला हिरवा, दुसऱ्याला पिवळा. वायरी नीट बांधल्या होत्या, मला स्वतःलाच ती फार आवडली होती. दुपारी दुकान रिकामं झाल्यावर तपासणीच्या खोलीत मी ती बाबांच्या पुढ्यात ठेवली आणि कशी चालते ते सांगितलं.

बाबांनी ती हातात घेऊन उलटीपालटी केली. "हे कशासाठी?"

"उत्तरासाठी. म्हणजे बोलायला नको."

"तुला कोणी सांगितलं?"

"तक्त्यावर घोडा आहे म्हटलं, तर तुम्ही छान म्हणालात."

त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं जागच्या जागी थांबलं. पेटी त्यांनी टेबलावर ठेवली. "अंधारात दिवा लावलास की डोळ्याची बाहुली आकसते. नंबर चुकतो. एवढं तरी तुझ्या पुस्तकात असेल."

"मग दिवा तुमच्याकडे तोंड करून लावू. आडोसा करू."

"आणि हे डबडं कशाला, असं कोणी विचारलं तर काय सांगू?"

"ऐकू येत नाही म्हणून सांगा!" मी ओरडले. "त्यात काय आहे बाबा? काकूंचे खिसे तिरके झाले! एवढं साधं सांगता येत नाही?"

बाहेर कुणी असतं तर त्यांनी वळून पाहिलं असतं.

"ओरडू नकोस," बाबा शांतपणे म्हणाले. "ओरडलीस म्हणून शब्द जास्त कळत नाहीत. तोंड वाकडंतिकडं होतं, ओठ वाचता येत नाहीत. फक्त तू चिडली आहेस एवढं कळतं. ते मला न ओरडताही कळलं असतं."

मी खुर्चीत बसले.

"नंबर काढताना मी कुणाला ‘दिसतंय का’ असं विचारतो का?" त्यांनी विचारलं.

"नाही. वाचून दाखवा म्हणता."

"का?"

"माहीत नाही."

"कारण माणूस भिडेखातर हो म्हणतो. काहीही दिसत नसलं तरी हो म्हणतो. आपल्यामुळे समोरच्याचा खोळंबा होतोय असं वाटतं त्याला." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आता मला सांग, घरी, दारी, रस्त्यात सगळे मला काय विचारतात? ‘ऐकू आलं का?’ मी काय म्हणणार?"

"हो."

"हो," बाबा म्हणाले, आणि त्यांना हसू आलं. मलाही आलं, पण माझं लगेच विरलं. इतकी वर्षं मीच त्यांना ते विचारत आले होते, तेही अर्धवट दुसऱ्या खोलीतून.

ते वळून भिंगं खाचांत लावू लागले. एक हात खुर्चीच्या पाठीवर होता. मी खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत बसले.

"वाजवू नकोस," बाबा पाठमोरेच म्हणाले.

मी थांबले. "तुम्हाला ऐकू आलं?"

उत्तर नाही. अर्थात. मी उठून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, तोंडावर उजेड येईल अशी, आणि हळू विचारलं, "बोटं वाजलेली कशी कळली?"

बाबांनी खुर्चीच्या पाठीकडे पाहिलं, मग आपल्या तळव्याकडे. "ही सांगते ना," ते म्हणाले. "लाकूड आहे."

मला वाटतं, आम्हा दोघांनाही ते एकाच क्षणी सुचलं. पुढे त्यावरून आमचं भांडणही झालं, मीच आधी म्हणाले की ते. मी परत खुर्चीत बसले. त्यांनी दार लावलं, दिवा मालवला आणि तळवा खुर्चीच्या पाठीवर टेकवला. पहिलं बरं असेल तर एकदा ठोकायचं, दुसरं असेल तर दोनदा, दोन्ही सारखीच वाटली तर तीनदा. आणि बाबांनी आपल्याला काय कळलं ते दर वेळी मोठ्याने म्हणायचं, म्हणजे चूक तिथल्या तिथे पकडता येईल. ती अट माझी होती.

वीस वेळा केलं. एकोणीस बरोबर आले. एकदा बाहेरून जड ट्रक गेला, तेव्हा बाबा म्हणाले, "चारदा? चार काय?" आणि आम्ही ते पुन्हा केलं.

एकविसाव्या वेळी त्यांनी माझ्या डोळ्यांवरून चौकट काढली. मला वाटलं झालं. पण दिवा लागला नाही.

"गुडघ्यांचं खरं वाटलं होतं, की... नव्हतं?"

मी दोनदा ठोकलं.

"दुसरं. बरं." थोडं थांबून, "तू चिडतेस ती माझ्यावर, की... माझ्या कानांवर?"

मी विचार केला. खोटं उत्तर दिलं तर त्यांना लाकडातून कळेल, असं काहीतरी मला वाटत होतं, आणि त्याला शास्त्रीय आधार शून्य आहे. मी तीनदा ठोकलं.

"दोन्ही सारखंच." ते हसले असावेत. आवाज तसा आला. "प्रामाणिक आहेस. ही खोली बंद करू, की..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी दोनदा ठोकलं.

तळवा खुर्चीवरून उचलला गेला आणि माझ्या डोक्यावर आला. थोडा वेळ तिथेच राहिला. मग दिवा लागला आणि बाबा भराभरा टेबल आवरू लागले.

"पण सांगावं तर लागेलच," मी त्यांच्यासमोर जाऊन म्हटलं. "ठोका का, ते."

"तुला सोपं वाटतं."

"नाही वाटत."

"लोक म्हणतील, डोळे तपासणाऱ्यालाच काही धड कळत नाही. त्यापेक्षा गुडघे बरे. गुडघ्यांना कोणी हसत नाही."

मी बाहेर आले. काउंटरखाली रंगाऱ्याकडून आलेली पाटी भिंतीला टेकून उभी होती. एक तारखेपासून नंबर काढणे बंद. एक तारखेला तीन दिवस उरले होते.

काकू ठरल्या दिवशी, दुकान उघडायच्या आधीच पायरीवर हजर होत्या. बाबांनी कुलूप काढलं, एक शब्द न बोलता त्यांना आत नेलं, खुर्चीत बसवलं. मी दारात उभी राहिले. बाबांचा हात बटणाकडे गेला आणि दिवा मालवला गेला.

तक्ता उजळला. पंखा घरघरायला लागला. बाबांनी चौकट उचललेली मला दिसली. ती त्यांनी काकूंच्या डोळ्यांवर चढवली नाही. हातात धरून ते तसेच उभे होते. मी मनातल्या मनात आकडे मोजू लागले, तेवीसपर्यंत गेले.

मग दिवा परत लागला. बाबांनी पंखाही बंद केला. स्टूल ओढून ते काकूंच्या अगदी समोर बसले.

"ताई, आधी एक सांगतो. मला कमी ऐकू येतं. उजेडात तोंड बघून कळतं, अंधारात कळत नाही. मागच्या दोन्ही वेळा तुमचं उत्तर मी ऐकलं नाही, आणि पुन्हा विचारलंही नाही. विचारायला हवं होतं. ते खिसे तुम्ही नाही, मी तिरके लावलेत."

काकूंनी पदराने डोळे टिपले.

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "अहो, दोनदा काढूनही नंबर लागेना, परवा तुम्ही आत घ्यायलाही तयार नाही. मला वाटलं, माझ्या डोळ्यांतच काही मोठं निघालंय आणि तुम्हाला सांगवत नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही मला. मशीनसमोर बसून एकेक डोळा झाकून बघत होते, कुठला आधी जातोय ते."

आपलं न सांगणं दुसऱ्या कुणाच्या घरी जाऊन असं बसलं असेल, हे बाबांच्या ध्यानीमनी नव्हतं. माझ्याही नव्हतं.

"चुकलं," ते म्हणाले.

"चुकलं तर आता सरळ करा. काय करायचं मी?"

बाबांनी ठोक्यांचं सांगितलं. काकूंनी अंगुस्तान घातलेलं बोट उचलून खुर्चीच्या हातावर असं काही आपटलं की बाबांनी तळवा झटकला.

"हळू! खुर्ची माझ्या लग्नाआधीची आहे."

"ऐकू यायला नको?"

"आलं. हाडापर्यंत आलं."

दिवा मालवला. या वेळी घाई नव्हती. "हे बरं, की... हे?" टक टक. "दुसरं." "आता?" टक. "पहिलं." कोन दोन-दोन अंशांनी फिरत होता. काकूंना खेळच मिळाल्यासारखं झालं होतं. मधेच त्यांना राहवलं नाही आणि ठोकायच्या ऐवजी त्या तोंडानेच काहीतरी बोलल्या. मला दारातून स्पष्ट ऐकू आलं. खालची ओळ आता उभी राहिली, असं त्या म्हणाल्या होत्या.

अंधारात क्षणभर काहीच झालं नाही. ते ‘बरं’ कुठे यायचं, हे मला माहीत होतं. मी त्या जागेची वाट बघत होते.

"कळलं नाही मला," बाबा म्हणाले. "थांबा, दिवा लावतो. पुन्हा सांगा."